गुळगुळीत बंपर

ठोकेमामांना गाड्यांची भीती वाटायला लागली होती, आणि हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? छत्तीस वर्षं ज्या माणसाने गाड्यांचे पोचे काढले, चेपलेली नाकं सरळ केली, फाटलेले पत्रे जोडले, त्यानेच म्हणायचं की मला गाडी बघून धडकी भरते! अख्खी गल्ली पोट धरून हसली असती. त्यांचं खरं नाव निराळंच होतं, पण सकाळी नऊपासून त्यांच्या शेडमधून हातोडीचा आवाज सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत, म्हणून जो तो त्यांना ठोकेमामा म्हणायचा.

भीतीची सुरुवात झाली स्कूटरवर. पूर्वी आरशात मागची गाडी दिसायची ती अख्खी दिसायची. काच, काचेमागचा माणूस, त्या माणसाच्या तोंडावरचा वैताग, सगळं. आता आरशात नुसती जाळी दिसते. काळी, उभीच्या उभी, दात विचकलेली. माणूस वर कुठेतरी असतो, पण तो आरशात मावत नाही. सिग्नलला अशी जाळी मागे येऊन उभी राहिली की मामांच्या पाठीला घाम फुटायचा. हा आपल्याला बघतोय का? बघत असेलच ना? हिरवा दिवा लागला की ते जीव मुठीत धरून कडेला व्हायचे आणि त्याला पुढे जाऊ द्यायचे.

बरं, नुसत्या उंच असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण रूप? रूपाचा तर आनंदीआनंद होता. एके काळी गाडीला गोल डोळे असत, डोळ्यांखाली एक बारीकशी पट्टी असे, आणि बघणाऱ्याला वाटे की ही आत्ता आपल्याला काहीतरी विचारणार. आता डोळे म्हणून दोन चिरा. खरे दिवे खाली बंपरच्या कोपऱ्यात, जिथे चिखल उडतो नेमके तिथे. नाकपुड्या एवढ्या मोठ्या की उंदराने संसार थाटावा, पण बोट घालायला जावं तर बंद! वारा आत जायला भोकच नाही, सगळा देखावा. मागे धुराड्याची दोन चकचकीत तोंडं, तीही खोटी. खरी नळी खाली तोंड लपवून बसलेली. चाकांभोवती काळं प्लास्टिक, आणि रंग कुठला, तर ओल्या सिमेंटचा. "रंग द्यायचा राहून गेलाय अशी गाडी लोक हौसेने घेतात," मामा म्हणायचे, "आणि वर मलाच विचारतात, कशी दिसते? मी म्हणतो, रागीट. तर खूश होतात!"

हेच त्यांना कळत नसे. रागवायचं कोणावर? भाजी आणायची, मुलांना शाळेत सोडायचं, यात एवढं दातओठ खाण्यासारखं काय आहे?

पण कुरकुर कितीही केली तरी मामांच्या हाताला तोड नव्हती. त्यांची रीत अशी की काम संपलं की डोळे मिटायचे आणि तळहात गाडीवरून सावकाश फिरवायचा. डोळा चकाकीला भुलतो, तळहात भुलत नाही. केसाएवढा उंचवटा राहिला तरी हात तिथे अडायचा आणि मामा पुन्हा घासायला बसायचे. हात न अडता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला की मगच गाडी शेडबाहेर पडायची. गिऱ्हाइकाने कितीही डोकं खाल्लं तरी त्याच्या आधी नाही.

मामांची नात पाच वर्षांची. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून भिंगरी. तिची आई, म्हणजे मामांची मुलगी, नोकरीवर असायची, त्यामुळे शाळा सुटली की भिंगरी दुपारभर शेडमध्ये. आजोबा-नातीचा एक खेळ होता. दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या तोंडाकडे बघून सांगायचं, हिला काय झालंय. "हा झोपलाय. ही रडून आलीये. याने कोणाचा तरी खाऊ चोरलाय." हल्ली मात्र ती रांगेवरून नजर फिरवायची आणि हिरमुसून म्हणायची, "हा रागावलाय. हापण रागावलाय. आजोबा, सगळेच का रागावलेत?"

त्यातच जावयाने ट्रक घेतला. माल वाहायचा नव्हे, हौसेचा; पुढे कार आणि मागे उघडा हौदा असलेला.

जावई माणूस म्हणून लाख. कचेरीत टेबलावर काम करणारा, मऊ आवाजाचा, लिफ्टमध्येसुद्धा सगळ्यांना आधी आत सोडून स्वतः बाहेर राहणारा. पण गाडी आणली ती पाहून मामा दोन पावलं मागे सरकले. बॉनेट मामांच्या गळ्याशी. मामा मुळात ठेंगणे हे खरं, तरी गळ्याशी! समोरून बघावं तर सपाट भिंत, भिंतीला काळी जाळी, जाळीवर दोन चिरा. मागच्या हौद्यात सोफासेट मावला असता. त्यात होती भिंगरीची छत्री.

"कशी वाटते, बाबा?"

"जावईबापू, कोणाशी भांडण झालंय का तुमचं?"

जावई हसला. "यात बसलं की सुरक्षित वाटतं हो. तुम्ही बसून तर बघा."

दोन प्रयत्नांत मामा वर चढले. समोर बॉनेट पसरलं होतं, गच्चीसारखं. त्याच्या पलीकडे एकदम रस्त्याच्या पलीकडचं दुकान. मधला रस्ता गेला कुठे? आणि भिंगरी? आत्ता तर इथे समोर उभी होती. मामांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, दोन्ही आरसे बघितले.

"भिंगरी कुठाय?"

"इथेच होती की," जावई म्हणाला आणि तोही मान वळवून बघायला लागला.

"भिंगरे!"

मामा उडी मारूनच उतरले. गुडघ्यात कळ आली तिकडे लक्ष न देता ते समोर आले, तर भिंगरी जाळीपासून वीतभर अंतरावर उभी होती. वाकलेली नाही, बसलेली नाही. सरळ ताठ उभी, तोंडावर हात दाबून.

"सापडले नाही! मी जिंकले!"

मामा हसले. काय करणार, ती एवढी खूश झाली होती. पण हसता हसता त्यांनी तिला जाळीपासून चार पावलं लांब ओढलं.

त्या दुपारी त्यांनी हातातलं काम सोडून एक खराटा घेतला, भिंगरीच्या उंचीवर खूण करून तोडला आणि रिकाम्या बादलीत उभा करून ट्रकसमोर ठेवला. मग वर चढून बघायचं, उतरून बादली थोडी मागे न्यायची, पुन्हा चढायचं. सातव्या खेपेला खराट्याचं टोक दिसलं. मामांनी टेप लावली. अकरा फूट.

"अकरा फूट, जावईबापू. तेवढ्यात ती उभी असली तर तुमच्या लेखी ती नाहीच."

जावयाचा चेहरा उतरला. पण लगेच सावरून तो म्हणाला, "म्हणूनच तर सेन्सर असतात, बाबा. गाडी सुरू असताना समोर काही आलं की आत वाजतं. बघा, तुम्हीच उभे राहा." मामा बंपरसमोर उभे राहिले. आतून टूं टूं आवाज आला. पुढे सरकले तशी टूंटूं जवळजवळ आली आणि शेवटी एकच लांबलचक किंकाळी. मामांनी तीनदा उभं राहून तीनदा खात्री करून घेतली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

महिनाभराने जावयाने तो ट्रक कुठल्याशा खांबाला घासला. बंपरवर लांब ओरखडा. मामांनी ट्रक शेडमध्ये घेतला. दुपारी भिंगरी आली, पण लांबच उभी राहिली.

"ये की इकडे. तुझ्याच बाबांचा आहे ना?"

"नको. त्याला खाली पण डोळे आहेत. चार. ते माझ्याकडेच बघतात."

मामांनी वाकून पाहिलं. बंपरवर एका ओळीत चार गोल चकत्या होत्या, नाण्याएवढ्या. पोरीचं चुकत नव्हतं. आधीच ते थोबाड, त्यात हनुवटीवर चार चामखिळी. मामांच्या तळहातालाही त्या चकत्या पहिल्यापासून खुपत होत्या. हात फिरवला की चार ठिकाणी अडायचा. त्या सेन्सरच्या आहेत हे त्यांना माहीत होतं, पण ती नुसती वरची टोपणं, यंत्र आत, असं त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं. भिंतीपलीकडचा रेडिओ ऐकू येतो, मग पातळशा थराआडून यंत्राला समोरचं कळणार नाही? एरवी अशा गोष्टी ते शेडमधल्या वायरमनला विचारत. गाड्यांच्या वायरी बघणारा हा गडी, त्याला सगळे शॉक म्हणायचे. पण शॉक पाय मोडून प्लास्टरमध्ये घरी पडला होता. फोन करावा असं एकदा मनात आलंही. एवढ्याशा चकत्यांसाठी त्याला कशाला त्रास, असं म्हणून मामांनी पुट्टी कालवली.

दोन दिवस ते त्या बंपरवर बसले. पुट्टी, घासणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं, प्राइमर, रंग. मग डोळे मिटून हात फिरवला. हात कुठेही अडला नाही.

भिंगरीने लांबून बघितलं. मग हळूहळू जवळ आली आणि बंपरला हात लावला. "झोपले ते?"

"कायमचे," मामा म्हणाले.

त्या बंपरने मामांचं नाव केलं. ज्याने त्याने थांबून विचारावं, ही बटणं कुठे गेली हो? एका बांधकाम ठेकेदाराचा तसलाच ट्रक होता; तो दुसऱ्याच दिवशी दारात. "मामा, अगदी तस्सं. नुसती काळी भिंत दिसली पाहिजे." त्याच्यामागे त्याचा भाऊ, भावामागे मित्र. दोन महिन्यांत मामांनी अकरा बंपर असे गुळगुळीत केले. जावई एकदा म्हणाला, "बाबा, हल्ली समोर एक पिवळा दिवा लागून राहतो." मामा म्हणाले, "नव्या गाड्यांत काही ना काही लागतंच. शॉक आला की बघेल."

शॉक आला तो एका गुरुवारी, काठी टेकत. मामा बाराव्या बंपरवर होते. पहिला पुट्टीचा हात देऊन झाला होता. चहाचा कप घेऊन शॉक शेजारी येऊन उभा राहिला, बघत राहिला, आणि त्याने कप खाली ठेवला.

"मामा, सेन्सर कुठायत?"

"आत आहेत की. वर फक्त टोपण झाकलंय."

"कसलं टोपण? तीच तर त्याची कातडी आहे. तीच थरथरते, तीच ऐकते. तुम्ही तिच्यावर पुट्टी थापलीत? मामा, ते मुके-बहिरे झाले की! याच्यासमोर हत्ती उभा केलात तरी वाजायचं नाही. असे किती केलेत?"

मामांच्या डोळ्यांपुढे ती चार झाकलेली बुबुळं आली. त्या अख्ख्या धुडाला भिंगरीला बघणारे तेवढेच चार डोळे होते, आणि तिला भीती वाटते म्हणून आजोबाने स्वतःच्या हाताने ते मिटले होते.

मग त्यांनी घड्याळ बघितलं. साडेबाराला वीस मिनिटं होती, आणि साडेबाराला शाळा सुटायची. गुरुवार म्हणजे जावयाची सुट्टी, आणि गुरुवारी भिंगरीला आणायला तो जायचा. ट्रक घेऊन.

फोन लावला. जावई दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होता. पुन्हा लावला. तेच. मामांनी स्कूटरला किक मारली तेव्हा सवयीने उचललेली हातोडी त्यांच्या हातातच होती. ती स्कूटरवरच पायाशी टाकून ते निघाले. मागून शॉक काहीतरी ओरडत होता.

शाळा चार रस्ते पलीकडे. एरवी दहा मिनिटांचा रस्ता. पण त्या दिवशी पहिल्याच सिग्नलला समोर एक जाळी, मागे एक जाळी. मामा मधे अडकले. काही होत नाही, ते स्वतःला सांगत होते. इतके दिवस काही झालं नाही, आजच कसं होईल? बाई मुलांना हाताला धरून बाहेर आणतात. ती धावत येईल, दार उघडेल, बसेल. एवढंच. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, सापडले नाही, मी जिंकले. बंपर गुळगुळीत झाल्यापासून लपायची तिची ती एकच जागा होती. घरी, शेडमध्ये, कुठेही ट्रक उभा असला की ती तिथे जाऊन उभी राहायची. चार डोळे होते तेव्हा एकदाच गेली होती, तेही ते डोळे दिसायच्या आधी. डोळे गेल्यापासून रोज.

शेवटचा रस्ता त्यांनी फुटपाथवरून काढला. लोकांनी शिव्या घातल्या त्या ऐकूही आल्या नाहीत.

शाळा सुटली होती. फाटकासमोर गाड्यांची रांग, सगळ्या एका साच्यातल्या, काळ्या आणि सिमेंटच्या रंगाच्या, आणि माणसाच्या कमरेएवढाल्या चाकांमधून पोरांचा लोंढा वाहत होता. रांगेत पहिला जावयाचा ट्रक. जावई वर बसून मान उंच करून फाटकाकडे बघत होता, नेहमीसारखा शांत. कानाला फोन. वॉचमन शिट्टी वाजवून त्याला हात करत होता, पुढे घ्या, पुढे घ्या, मागे खोळंबा झालाय.

मामांनी पायाशी पडलेली हातोडी उचलली आणि स्कूटर तशीच आडवी टाकली. फाटकाशी भिंगरी नव्हती. बाईंजवळ नव्हती. जावयाने फोन खाली ठेवला, गिअर टाकला आणि वॉचमनला मान डोलावली.

ट्रकखालून, पुढच्या चाकाच्या पलीकडे, मामांना दोन पाय दिसले. पांढरे मोजे. एक मोजा घसरलेला.

मामा ओरडले, पण पोरांच्या गलक्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. चाक फिरलं. मामा धावले आणि हातातली हातोडी त्यांनी सगळी ताकद लावून बॉनेटवर हाणली. पत्र्याचा असा आवाज झाला की अख्खा रस्ता गप्प झाला. ट्रक जागच्या जागी थिजला.

"बाबा? अहो बाबा, काय करताय!" जावई वरून ओरडला.

समोरून भिंगरी बाहेर आली. तोंडावर अजून हात होता. "आजोबा, तुम्ही कशाला सांगितलंत? बाबांना मी सापडलेच नव्हते!"

मामांनी तिला ओढून छातीशी धरलं. एवढं घट्ट की ती कुरकुरायला लागली. जावई उतरून आला, आधी बॉनेटवरच्या पोच्याकडे बघितलं, मग खाली बंपरसमोर पडलेल्या तिच्या लाल पाटीकडे. पाटी अर्धी बंपरखाली गेली होती. तो तिथेच फुटपाथवर बसला.

"वाजलं नाही," तो म्हणाला. "बाबा, एकदाही वाजलं नाही हो."

"वाजणार नव्हतं," मामा म्हणाले. "मी बंद केलंय ते. माझ्या हाताने."

भिंगरीला त्याच्या मांडीवर देऊन मामा बंपरसमोर गुडघ्यांवर बसले. आत्ताच्या आत्ता खरवडून काढायला हवं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि तळहात बंपरवरून फिरवला, डावीकडून उजवीकडे. मग उजवीकडून डावीकडे. छत्तीस वर्षांत त्या हाताने केसाएवढी चूक सोडली नव्हती. आता तो चार चकत्या शोधत होता आणि त्याला एकही सापडत नव्हती. सगळं कसं अगदी काचेसारखं. मामांना रडू फुटलं. रस्त्यात, सगळ्यांसमोर, ते हमसून हमसून रडले.

मागे हॉर्न वाजला. कोणालातरी उशीर होत होता. मामांनी वळून बघितलं. रांगेत दुसरा ट्रक ठेकेदाराचा होता. त्याच्यामागे तीन गाड्या सोडून त्याच्या भावाचा. अजून मागे आणखी एक, तोही ओळखीचाच. तिन्ही बंपर लखलखीत, काळ्या भिंती, आणि त्यांच्या पुढून, मधून, खालून पोरं पळत होती.

ते उठले. हातोडी उचलून ठेकेदाराच्या ट्रकसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, खाली उतरा. काम चुकलंय माझं!"

काचा बंद होत्या. ठेकेदार मान वळवून कोणालातरी काहीतरी सांगत होता. इंजिन गुरगुरत होतं, जाळीतून येणारी धग मामांच्या तोंडावर येत होती, आणि समोर ते कोणाला दिसतायत की नाही हे सांगायला आत काहीही वाजत नव्हतं. मामा हलले नाहीत. त्यांनी हातोडी डोक्याच्या वर जितकी जाईल तितकी उंच धरली, निदान ती तरी वरून दिसावी म्हणून.